पावसाळ्यात रत्नागिरीहून सोलापूरला परतताना: कुठे थांबायचं, काय पाहायचं, गाडी कशी चालवायची

सोलापुरात वर्षभरात साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून जाऊ शकतो. या दोन गावांमध्ये रस्त्याने अंतर आहे साधारण साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे कोकणातून घरी येताना आपण महाराष्ट्राच्या अगदी ओल्या टोकाकडून कोरड्या टोकाकडे येतो. वाटेत पाऊस पातळ होत जातो आणि त्याच्याबरोबर बेडूक, पक्षी, साप, झाडं सगळंच बदलत जातं. आपली माणसं मात्र जाताना दहा ठिकाणी थांबतात आणि येताना "आता काय, घरच गाठायचं" म्हणून गाडी दामटतात. माझ्या मते पाहण्यासारखं जास्त काही परतीच्या वाटेवरच आहे, कारण सकाळी किनारा, दुपारी घाट आणि संध्याकाळी माळ अशा वेळा येताना आपोआप जुळतात.

वाट अशी: रत्नागिरी, हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, अंकली, मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर. न थांबता आठ तास लागतात, पावसात नऊ. थांबत यायचं तर एक दिवस कसाबसा पुरतो. जमत असेल तर आंबा गावात एक मुक्काम कराच. घाटातलं खरं जग रात्री उघडतं, आणि ते गाडीतून दिसत नाही, पायी बघावं लागतं.

निघण्याआधी: पाऊस, पूर आणि तिथी

बेडूक आणि पावसाळी पक्षी पाहायचे असतील तर जूनचा मधला आठवडा ते जुलैअखेर हा काळ उत्तम. ऑगस्टअखेरीस सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, फुलतात, पाऊस उघडझाप करतो आणि मुलाबाळांना घेऊन येणं सोपं जातं. दोन्ही वेळा वेगळ्या आहेत. एकीसाठी दुसरी सोडू नका.

हवामान खात्याचा इशारा रत्नागिरी आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी बघा. लाल असेल तर एक दिवस रत्नागिरीतच थांबा. मग नद्यांचे आकडे बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पंचगंगा फुगली की कोल्हापूरच्या अलीकडे केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि ही वाट बंद होते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पाणी इशारा पातळीच्या वर असेल तर "बघू पुढे जाऊन" म्हणून निघू नका. मध्येच अडकलात तर मागे घाट आणि पुढे पूर अशी अवस्था होते. भीमेचंही तेच: उजनीतून मोठा विसर्ग चालू असेल तर मंगळवेढ्याच्या पुढे बेगमपूरच्या पुलाची चौकशी करून घ्या.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. खाडीतलं जीवन ओहोटीलाच दिसतं. कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे पहाटे-सकाळी ओहोटी हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचा दिवस निवडा. घरातलं कॅलेंडर पुरतं.

गाडी आणि सामान

टायर गुळगुळीत झाले असतील तर या प्रवासाला निघूच नका. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, आणि घाटातल्या पावसासाठी ती याहून बरीच जास्त असलेली बरी. वायपरचं रबर नवीन घाला. सोलापूरच्या उन्हात ते एका उन्हाळ्यात कडक होतं आणि कोकणात पोचल्यावर काच पुसण्याऐवजी चिखल पसरवतं. समोरच्या काचेवर आतून बाष्प धरलं की एसीची हवा काचेकडे सोडा. हाताने पुसत बसू नका.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असेल तर उत्तम, कारण ढगाळ उजेडात ती जास्त उजळ दिसते. थांबायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्या. नाहीतर थंड दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत काढली की तिच्या भिंगावर धुकं बसतं, आणि ते पुसेपर्यंत पक्षी गेलेला असतो. गमबूट किंवा घोट्यावर चढणारे बूट घ्या. जाड मोजे, एक चांगली बॅटरी, सुके कपडे आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी बरोबर असू द्या. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबतीला असतेच, पण कोकणच्या हवेत भाकरी अर्ध्या दिवसात सादळते. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पहिला थांबा: खाडी, पहाटे

रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याची खाडी आहे आणि उत्तरेला गणपतीपुळ्याच्या वाटेवर आरे-वारे. मला भाट्ये जास्त आवडतं, कारण रस्त्याच्या कडेवरून कांदळवन पाहता येतं. उजाडताना पोचा. पाणी ओसरलेलं असेल तर चिखलावर निवटी उड्या मारताना दिसतात. हे मासे पाण्याबाहेर राहून ओल्या त्वचेतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून श्वास घेतात. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक डोळा हलतो, आणि एकदम सगळा चिखल जिवंत आहे हे लक्षात येतं. एका नांगीचेच मोठे असलेले लहान खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत उभे असतात. समुद्र बगळा, डोक्यावर केशरी रंग आलेले गाय बगळे आणि ब्राह्मणी घार जवळपास ठरलेली. नशीब असेल तर समुद्र गरुड दिसतो, ज्याला किनाऱ्यावर काकण म्हणतात. कांदळवनात पांढरी चिप्पी दाखवायला मुलांना विसरू नका. २०२० साली ते महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालं.

पावसाळ्यात समुद्राच्या पाण्यात उतरू नका, पुळणीवर लाटांच्या रेषेजवळही जाऊ नका. निळ्या फुग्यासारखं काही वाळूवर पडलेलं दिसलं तर हात लावू नका. ते दंश करतं, मेल्यावरही. वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी कधी दमून किनाऱ्यावर येऊन पडतात, कधी जखमी कासवही येतं. अशा जिवाला परत पाण्यात ढकलू नका. तो बाहेर आलाय कारण त्याच्यात पोहण्याची ताकद उरलेली नाही. लोकांना लांब ठेवा, सावली द्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

इथे पाऊण तास. साडेसातला निघा.

सडा आणि वहाळ

हातखंब्याच्या आसपास जांभ्या दगडाचे सडे लागतात. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा हा कातळ पावसात उथळ डबक्यांनी भरतो. जूनमध्ये पांढरी दिपकाडी फुलते. ती मुख्यतः याच पट्ट्यात येते. ऑगस्टनंतर गेंद आणि निळी सीतेची आसवं येतात. फुलांवर पाय पडू देऊ नका, उघड्या खडकावरून चाला. आणि चालताना पायाखाली बघा, कारण हा फुरशाचा मुलूख आहे. फुरसं लहान, मातकट असतं आणि दगडाच्या कपारीत बसलेलं कळत नाही. बूट न घालता सड्यावर जाऊ नये, दगड उचलू नये. कुणाला साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

पाली सोडल्यावर साखरप्यापर्यंत रस्ता वहाळांच्या सोबतीने जातो. इथे तिबोटी खंड्या शोधायचा. हा चिमणीएवढा खंड्या पावसाच्या तोंडावर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. केशरी, जांभळा, निळा, पिवळा, सगळे रंग एका मुठीत मावणाऱ्या अंगावर. तो दिसण्याआधी त्याची बारीक, तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते आणि एक रंगीत रेघ डोळ्यांसमोरून निघून जाते. पूल ओलांडल्यावर रुंद कडेला गाडी लावा, इंजिन बंद करा आणि गाडीतच बसून ऐका. बीळ सापडलं तर लगेच मागे सरा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. पिल्लांना भरवायच्या दिवसांत तो पक्षी खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात वेळ घालवतो, आणि उपाशी पिल्लं राहतात. फोटोसाठी असं करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते पाहून फार त्रास होतो.

मोठ्या झाडांवर, विशेषतः वड-उंबराला फळं धरली असतील तर, धनेश दिसू शकतो. पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो. आवाज आला की वर बघा.

आंबा घाट: दिवसाउजेडी चढा

रत्नागिरीकडून येताना आपण घाट चढतो. नियमाने चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची असते, पण समोरचा ट्रक देईलच असं धरून चालू नका. दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढा. धुक्यात खालचा प्रकाशझोत ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय ते कळत नाही.

धबधब्याखाली गाडी उभी करण्याचा मोह टाळा. रस्ता रुंद करताना डोंगर कापला गेला आहे आणि त्या उघड्या कडांवरून पावसात दगड सुटतात. जुलै २०२१ मध्ये या घाटात रस्ता खचला आणि दरडी आल्या होत्या. बारीक खडे टपटप पडू लागले, स्वच्छ झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा झाडं रस्त्याकडे झुकलेली दिसली तर तिथे एक मिनिटही थांबू नका. पाहायचं ते वर, आंबा गावात पोचून.

दुपारी दोनच्या आत आंब्याला पोचलात तर दिवसाचे चार-पाच तास मिळतात. गावाबाहेरच्या जंगलकडेला हळू चाला. पाण्याच्या आवाजातून एखादा पोरगा उगाच शीळ घालत हिंडतोय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तुर. काळसर निळा, कपाळावर चमकदार निळी पट्टी, आणि सूर लागता लागता मध्येच विसरल्यासारखं गाणं. वरच्या फांद्यांत खळबळ झाली तर शेकरू बघा. हा आपला राज्यप्राणी आहे. मोठी, काळी-निळी पाकोळी डोक्यावरून गेली तर ते नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू.

संध्याकाळी गवे जंगलाच्या कडेला येतात. नर गवा हजार किलोपर्यंत भरतो, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. रस्त्यावर गवा उभा असेल तर पन्नास-साठ मीटरवर थांबा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. एक गेला की लगेच गाडी काढू नका. मागून कळप येत असतो आणि पिल्लू बहुधा मध्ये असतं.

आता रात्र. याच्यासाठी मी मुक्काम करायला सांगतो. जेवून झाल्यावर, पाऊस थोडा ओसरला की, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन गावाजवळच्या डबक्यापर्यंत जा. आधी बॅटरी बंद करून नुसतं ऐका. सगळे आवाज मिळून एक गोंगाट वाटतो. मग त्यातला एकच आवाज धरा, त्याच्या दिशेने दोन पावलं टाका, थांबा, पुन्हा ऐका. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढरट फेसाचा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंडी त्या फेसात ओली राहतात आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळून थेट खालच्या पाण्यात पडतात. एकदा आम्ही अर्धा तास एकाच घरट्याखाली उभे होतो. पावसाची एक सर आली आणि तीन काळे ठिपके टप टप पाण्यात पडले. माझी मुलगी त्या रात्री झोपेपर्यंत तेवढंच बोलत होती.

बेडकांना हात लावू नका. त्यांची कातडी पाण्याबरोबर सगळं शोषून घेते. आपल्या हातावरचं डास पळवायचं मलम त्यांच्यासाठी विष आहे. छातीच्या उंचीच्या फांद्या बाजूला सारायच्या आधी बॅटरीने बघा. हिरवा चापडा हा विषारी साप अशाच फांदीवर निवांत बसलेला असतो. ओल्या मातीत गांडुळापेक्षा मोठं, चकचकीत, वळ्या-वळ्यांचं काही दिसलं तर ते देवगांडूळ. तो सापही नाही, गांडूळही नाही, बेडकाचाच भाऊबंद आहे आणि अगदी निरुपद्रवी आहे. साप समजून लोक त्याला मारतात. गावात कुणी मारायला निघालं तर थांबवा.

रात्री घाटात गाडी चालवू नका हे मी दरडीसाठी जेवढं सांगतो तेवढंच या जिवांसाठी सांगतो. फार वर्षांपूर्वी आम्ही उशिरा निघून रात्री नऊला हा घाट चढलो होतो. रस्त्यावर बेडूक आणि खेकडे इतके होते की कितीही हळू चालवलं तरी चाकाखाली येत होते. तो आवाज अजून कानात आहे. उशीर झालाच तर साखरप्यात थांबा आणि सकाळी चढा.

कोल्हापूर आणि कृष्णा

मलकापूर ते कोल्हापूर हा टप्पा सरळ काढा. कोल्हापुरात शहरात न शिरता पुढे जा. जेवण हवं असेल तर हायवेला मिळतं.

अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडतो. भिलवडी-औदुंबरपासून या पट्ट्यात मगरी आहेत. हिवाळ्यात त्या वाळूवर ऊन खात पडतात आणि सहज दिसतात. पावसाळ्यात पाणी भरलेलं असतं, मगर दिसण्याची शक्यता कमी आणि धोका जास्त, कारण पुरात त्या ओढ्या-नाल्यांतून शेतापर्यंत येतात. म्हणून इथे थांबा घेऊच नका. पुलावर गाडी उभी करणं तर मुळीच नको. घाटावर पाय धुवायला उतरू नका.

माळ: इथे पुन्हा वेग कमी करा

मिरजेच्या पुढे ढग उंच होतात, हवा कोरडी लागते, वायपर बंद होतात. बहुतेक लोक इथे झोपतात. तुम्ही झोपू नका. सांगोल्याच्या पुढे डाळिंबाच्या बागा मागे पडल्या की उघडा माळ आणि बाभळी लागतात. दुपारी चारनंतर एखाद्या गाडीवाटेच्या तोंडाशी थांबा.

तारेवर काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला पक्षी बसला असेल तर तो चातक. नैऋत्य वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. म्हणून सातभाईंचा थवा कलकलत असेल तर त्यांच्या आसपास बघा, चातक जवळच असतो. पावशाचं "पेरते व्हा" ऐकू येईल. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली असतील. पिवळा नर अर्धं घरटं विणतो, मादी आत शिरून बघते, पसंत पडलं तरच तो पुढे विणतो. नापसंत झालेली अर्धवट घरटी त्याच फांदीवर दिसतील. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आलात तर जमिनीवर मखमली लाल मृगाचे किडे चालताना दिसतात. पाऊस थांबून दोन-चार दिवस झाले की ते पुन्हा जमिनीत जातात.

मेंढरं घेऊन चाललेला धनगर भेटला तर त्याला राम राम करून विचारा. लांडगा कुठे दिसला, खोकडाचं बीळ कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. लांडगा त्याची मेंढरं नेतो, तरी "तो बी पोटासाठीच फिरतोय की" असं म्हणणारे धनगर मला याच माळावर भेटले आहेत. बिळाची जागा कळली तर ती पुढे कुणाला सांगत सुटू नका.

बेगमपूरला भीमा ओलांडली की पाऊण तासात घर.

दुसऱ्या दिवशी सकाळी: नान्नज

थकवा असेल, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे बार्शी रस्त्याने नान्नजला जा. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं. माळढोक आता इथे दिसणं अतिशय दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. पावसाळा हाच त्याच्या विणीचा काळ, तेव्हा त्याला त्रास न होणं जास्त महत्त्वाचं. काळवीट मात्र हमखास दिसतात. नव्या हिरव्या गवतात काळे नर आणि पिवळसर माद्या दुरूनही उठून दिसतात. ठरलेला रस्ता सोडून गवतात उतरू नका. चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखी दिसतात.

जाण्याआधी एक काम करा. आंब्याचा चिखल लागलेले बूट घासून, धुऊन, वाळवून मग घाला. घाटातलं तणाचं बी आपल्या माळावर रुजायला नको. गाडीच्या चाकांच्या आतली मातीही पाण्याच्या जोराने काढून टाका, आणि ती काढताना नीट बघा. एकदा आमच्या मागच्या चाकाच्या कमानीत, ओल्या पानांच्या लगद्याखाली, नखाएवढा एक शंख चिकटून साडेतीनशे किलोमीटर आला होता.